एकोणीस वर्षे पाण्यात ठेवलेला ओपल

माझा व्यवसाय दगड पाहण्याचा होता. असे सांगितले की ऐकणारा पुढील वाक्याची वाट पाहतो. परंतु पुढे सांगण्यासारखे फारसे काही नसते. टोकियोच्या ओकाचिमाची या रत्नबाजारातील एका लहान घाऊक पेढीत मी सत्तावीस वर्षे उत्तरेकडील खिडकीपाशी बसून ओपल पाहिले, आणि दरवर्षी जून-जुलैचे सहा आठवडे ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील एका खाणगावी दक्षिणेकडील खिडकीपाशी बसून ओपल पाहिले. खिडकीची दिशा का बदलावी लागते, ते आधी सांगतो.

थेट उन्हात ओपल आहे त्याहून सुंदर दिसतो, म्हणून त्याचा न्याय करण्यास सौम्य व सारखा उजेड लागतो. आपल्या गोलार्धात असा उजेड उत्तरेकडून मिळतो. तिकडे मध्यान्हीचा सूर्य उत्तरेस असल्यामुळे तो दक्षिणेकडून मिळतो. विद्यार्थिदशेपासून मला हे ठाऊक होते. तरीही पहिल्या वर्षी तेथे माध्यान्ह संध्येस उभा राहिलो आणि सूर्य भलत्याच आकाशात दिसला, तेव्हा अर्घ्याचे पाणी कितीतरी वेळ ओंजळीतच राहिले.

त्याच दिवशी दुसरी अडचण उभी राहिली. पूजेच्या आरंभी संकल्पात देश व काल उच्चारावे लागतात: कोणते द्वीप, कोणत्या नदीचे कोणते तीर, कोणता ऋतू. मी नाशिकच्या पाठशाळेत वाढलेला असल्यामुळे गोदावरीचे नाव आपोआप ओठांवर येई. पुढे ओपलचे मूळ द्रव्य असलेल्या सिलिकेवरील संशोधनासाठी जपानातील सेंदाईला आलो आणि नंतर टोकियोत स्थिरावलो, तेव्हा विचारपूर्वक घराजवळच्या एदोगावा नदीचे नाव घेऊ लागलो. नदीने आक्षेप घेतला नाही. परंतु त्या खाणगावी नदीच नव्हती. पाणी दुरून नळाने येई आणि लोक ते तुपासारखे जपून वापरीत. पंचांगात ग्रीष्म होता आणि माझ्या अंगावर शाल होती. अखेरीस मी गावातील पाण्याच्या टाकीच्या संनिध पूजा करीत आहे असा संकल्प सोडला. तो शास्त्रास मान्य आहे की नाही, हे विचारण्याजोगे आमचे गुरुजी तेव्हा हयात नव्हते. तो प्रश्न आजही तसाच आहे.

गाव पाहणाऱ्यास प्रथम गाव दिसतच नाही. सपाट तांबड्या भूमीवर पांढऱ्या मातीचे हजारो शंकू दिसतात. प्रत्येक शंकूशेजारी माणसाच्या खांद्याएवढ्या रुंदीचा, उघडा आणि खोल खड्डा असतो. रस्त्याकडेला पाट्या आहेत: मागे न पाहता मागे सरकू नये. छायाचित्रे काढणारे प्रवासी सरकतात, म्हणून त्या लावाव्या लागल्या. घरे टेकड्यांच्या पोटात कोरलेली आहेत. उन्हाळ्यात बाहेर लोखंडास हात लावता येत नाही, तेव्हाही आत पांघरूण घ्यावेसे वाटते. कोणास फडताळ हवे असेल तर तो सुताराकडे जात नाही, भिंतीत कोरतो. आणि ते कोरताना ओपल सापडल्याच्या कथा प्रत्येक घरी ऐकावयास मिळतात. चर्चही जमिनीखाली आहे. मी तेथे जाऊन बसत असे. ज्यांना देवापुढे बसण्यासाठी आधी डोंगर पोखरावा लागला, त्यांच्याविषयी मला आदर वाटे.

खरेदीदाराची रीत अशी. लॉजच्या दारावर पाटी लावावयाची, खिडकीपाशी मेज मांडावयाचे आणि वाट पाहावयाची. खाणकरी तंबाखूच्या डब्यांत, मुरंब्याच्या बरण्यांत माल घेऊन येतात. शंभरांत नव्वद दगड रंगहीन असतात. उरलेल्यांत हिरवा-निळा खेळ असतो आणि क्वचित एखाद्यात लाल दिसतो. लाल दिसला तरी चेहरा हलू द्यावयाचा नाही. हे मला पाठशाळेतील शिस्तीमुळे सहज साधले.

या गोष्टीस आवश्यक असलेले रहस्य एवढेच, की ओपलच्या पोटात पाणी असते. हिरा-माणकासारखा तो कोरडा नाही. भूगर्भातून बाहेर आल्यावर त्यातील ओल हळूहळू हवेत जाते, आणि काही दगड त्या वेळी तडकतात. कोणते तडकतील, हे कोणासही सांगता येत नाही. पाण्यात ठेवलेला ओपल मात्र अखंड राहतो आणि अप्रतिम दिसतो. म्हणून खरेदीदाराचे दोन नियम आहेत: ओला दगड घ्यावयाचा नाही, आणि ‘अखंड’ हा शब्द उच्चारावयाचा नाही. ‘आज निर्दोष दिसतो,’ एवढेच म्हणावयाचे. सत्तावीस वर्षांत मी हे दोन्ही नियम पाळले. निवृत्तीनंतर, जेव्हा त्यांची कसोटी लागली, तेव्हा मोडले.

टोकियोत आपल्या मंडळींचा ओपलशी संबंध येतो तो शुक्रामुळे. हिरा परवडत नाही त्यास ज्योतिषी ओपल सुचवितात. काही वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला तन्मय नावाचा एक सॉफ्टवेअर अभियंता अंगठी घेऊन आमच्या घरी आला होता.

“काका, फसवलं हो मला. सर्टिफिकेट आहे, पण आतले सगळे कलर्स गेले. बघा, साबणाची वडी वाटते.”

मी अंगठी हाती घेतली. तो सच्छिद्र जातीचा आफ्रिकी ओपल होता आणि त्यास मंद, ओळखीचा गंध येत होता. “घालण्यापूर्वी काय केलेत?”

“सिद्ध केला ना. पंचामृतात ओव्हरनाइट ठेवला. मम्मीने व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं.”

“तूप किती घातलेत?”

“मम्मी म्हणाली हात आखडू नकोस.”

दूध आणि मध वाळले असते. तूप दगडाच्या छिद्रांत जाऊन बसले होते. पंचामृताचा अभिषेक प्रत्येक दगडास सोसत नाही, यावर मी त्यास अर्धा तास समजावून सांगितले. सुमती, माझी पत्नी, चहा देताना ते सारे ऐकत होती, असे मी समजत होतो.

आता द्रागोविषयी. द्रागो हा क्रोएशियाच्या समुद्रकाठचा मनुष्य. तारुण्यात त्या वाळवंटात आला आणि चाळीस वर्षे खोदीत राहिला. आमची ओळख झाली तेव्हाच तो साठीचा होता. त्याच्या घराच्या भिंतीत कोरलेल्या कोनाड्यात एक काचेची बरणी असे आणि तीत अक्रोडाहून मोठा एक कच्चा ओपल पाण्यात बुडालेला असे. पाठीस वालुकाश्माची साल, आणि तोंडावर हिरव्यातून लालकडे जाणारा असा विस्तीर्ण, संथ रंग, की प्रथम पाहिला तेव्हा माझा चेहरा हलला.

“विकायचा आहे?” मी विचारले होते.

“बघायचा आहे.”

“मग बाहेर काढ. कोरडा झाल्याशिवाय काय कळणार?”

“म्हणून तर काढत नाही, प्रोफेसर.”

दरवर्षी हेच संभाषण होई. पुढे पुढे आम्ही ते करमणूक म्हणून करीत असू. परंतु निवृत्त झाल्यावर निरोप घेण्यासाठी गेलो त्या खेपेस, गतवर्षी जुलैत, त्याने बरणी स्वतःहून माझ्यापुढे ठेवली. मधुमेहाने त्याची दृष्टी अधू झाली होती. रंग दिसत, बारीक काही दिसत नसे.

“मुलगी म्हणते, शहरात माझ्याकडे ये. पुढच्या वर्षी घेऊनच जाणार. तिच्या घराला सोळा खिडक्या आहेत म्हणे. एवढ्यांतून माणूस बघतो काय?”

“सूर्य पाहील.”

“तो मी बराच पाहिला.” मग तो बरणीकडे पाहत राहिला. “बाकी जे सापडलं ते विकलं, खाल्लं. हा एकोणीस वर्षं ठेवला. मला एवढंच कळू दे. चाळीस वर्षांत मला एक तरी अखंड मिळाला की नाही? हे न कळता मी इथून जाणार नाही.”

वाळवंटाची हवा दगडातील ओल ओरबाडून घेते. टोकियोत ती सावकाश, महिन्यामहिन्याने काढता येईल. फुटण्याचा संभव तेथे कमी, आणि वाळून वर्षभर टिकला की तो अखंड मानावा, असे मी त्यास सांगितले.

“मग तुझ्याच घरी ठेव,” तो म्हणाला. “तू देव मानणारा माणूस आहेस. तुझ्या घरी कुणी घाई करणार नाही.”

विमानात बरणीभर पाणी नेता येत नाही. ओल्या मलमलीत गुंडाळून दगड मी हातातील पिशवीत घेतला. तपासणीच्या वेळी गणवेशातील मुलीने विचारले, “हा ओला का आहे?” मी म्हणालो, “तो नेहमीच ओला असतो.” तिने माझ्या कपाळावरील गंधाकडे पाहिले आणि जाऊ दिले.

एदोगावाकाठच्या आमच्या लहान सदनिकेत वातानुकूलनाचा झोत न लागणारी जागा एकच आहे, ती म्हणजे देव्हारा. प्रथम ओले कापड, मग दमट भुसा, मग झाकण किंचित उघडे, असे क्रमाने करीत दिवाळीच्या सुमारास मी ओपल उघड्या हवेत आणला आणि देव्हाऱ्याच्या खालच्या पायरीवर एका चंदनी पाटावर ठेवला. सकाळच्या पूजेत अभिषेकाचा थेंबही तेथे जाऊ नये, याची मी दक्षता घेत असे. दर रविवारी सकाळी त्याचे वजन करीत असे. दगडातील पाणी जाऊ लागले की वजन उतरावे, आणि उतरता उतरता एके दिवशी स्थिर व्हावे, असा क्रम असतो. येथे वजन आरंभापासूनच स्थिर होते. टोकियोचा हिवाळा अतिशय कोरडा. माणसांचे ओठ फुटतात, दारांच्या चौकटी कुरकुरतात. दगड मात्र हलला नाही. अशी स्थिरता मी आजवर पाहिली नव्हती. पाठीवरील साल हातास थंड लागे, तो मी दगडाचा स्वभाव समजलो. एवढा शांत दगड माझ्या देव्हाऱ्यात यावा, याचा मला थोडा अभिमानही वाटू लागला होता.

मे महिन्यात, वर्ष पूर्ण होण्याचीही वाट न पाहता, मी द्रागोस दूरध्वनी केला आणि म्हणालो, “तो अखंड आहे.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. “परत सांग.”

“अखंड आहे, द्रागो.”

त्याने दूरध्वनी ठेवून दिला. दोन दिवसांनी त्याच्या एका शेजाऱ्याचा निरोप आला: द्रागोने खाणकऱ्यांच्या क्लबात उभे राहून ही वार्ता सर्वांस सांगितली, आणि आता मुलीकडे जाण्यास तो तयार झाला आहे. जाण्यापूर्वी दगड त्याच्या मेजावर असावा, एवढीच त्याची इच्छा होती.

जूनमध्ये एका संध्याकाळी दगड पाठविण्यासाठी मी पेटीत कापूस भरीत होतो. नेहमी त्या वेळी मी कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून, म्हणजे दिवसरात्र उघड्या दुकानातून, दूध आणावयास जातो. त्या दिवशी गेलो नव्हतो. सुमतीने दिवा लावला आणि ती तीर्थाची पळी घेऊन माझ्यापाशी आली.

“अहो, बंद नका करू पेटी. त्याचं आजचं राहिलंय.”

“आजचे काय?”

“पाणी. एवढा लांबचा प्रवास, तहान लागेल त्याला.”

माझ्या हातातील कापूस हातातच राहिला. “तू याच्यावर पाणी घालतेस?”

“घालते कुठे, शिंपडते. दिवा लावल्यावर पळीभर तीर्थ. रोज.”

“केव्हापासून?”

“तुम्ही पाटावर ठेवलात तेव्हापासून. दिवाळीपासून म्हणा ना. का हो, असं का बघताय?”

“सुमती, त्याला वाळवावयाचे होते!”

“असं कधी म्हणालात? तुम्ही म्हणालात, आतलं पाणी गेलं की हा फुटतो. आणि आणून ठेवलात देव्हाऱ्यात. मी काय समजायचं?”

“त्या तन्मयला मी अर्धा तास सांगितले होते, तू तेथेच होतीस.”

“त्याला तुपाचं सांगितलंत. मी तूप कुठे घातलं? सत्तावीस वर्षं सगळ्या जगाला दगड समजावलेत, मला कधी समोर बसवून सांगितलंत?”

वजन स्थिर होते, कारण पाठीवरची साल रोज संध्याकाळी तीर्थ शोषून घेत होती. ज्याला मी दगडाची शांती समजलो, ती माझ्या पत्नीची नियमितता होती.

ती पळी हातात धरून उभीच होती. “मग आता फुटेल का तो?”

“माहीत नाही.”

“मी केलं ते चांगलं झालं की वाईट?”

“माहीत नाही.”

“तुमच्या तोंडून हे दोनदा ऐकलं,” ती हळूच म्हणाली. “लग्नानंतर पहिल्यांदाच.”

मी थट्टा म्हणून हे लिहीत नाही. तीर्थास दोष द्यावा, असे माझी जीभ म्हणू शकत नव्हती. आणि दोष नाही असे म्हणावे, तर माझ्या वहीतील रविवारचे सारे आकडे खोटे ठरत होते. एका दीन वस्तूस पाणी दिले, यापेक्षा तिने अधिक काही केले नव्हते. मी मात्र न तपासता शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी दगड घेऊन निशिदा-सान यांच्याकडे गेलो. ते आमच्या पेढीसाठी चाळीस वर्षे ओपल घासून घाट देणारे कारागीर. त्यांनी भिंग घेतले नाही. दगडाची पाठ खालच्या ओठास लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, “वझे-सान, हा कोरडा नाही. कोणीतरी याला पाणी पाजत आहे.”

“माझी पत्नी.”

“अच्छा. प्रेमळ आहेत.” त्यांनी दगड रुमालावर ठेवला. “मालकाला काय सांगितले आहे? आज निर्दोष दिसतो, असे?”

“अखंड आहे, असे.”

निशिदा-सान यांनी रुमालाची टोके दगडावर दुमडली. आम्हां दोघांत अपशब्द कधी आला नाही, आताही आला नाही. “मग,” ते म्हणाले, “विमानाचे तिकीट काढावे लागेल.”

येथे एक गोष्ट लपवीत नाही. दगड टपालाने गेला असता आणि तेथे फुटला असता, तर प्रवासात फुटला असे सर्वांनी मानले असते. हा विचार माझ्या मनात ओकाचिमाचीपासून घरच्या स्थानकापर्यंत होता. उतरताना तो माझ्याबरोबर उतरला. घरी आल्यावर सुमती म्हणाली, “चूक माझी होती म्हणून सांगा त्यांना.” मी म्हणालो, “वाक्य माझे होते.” आणि तिकीट काढले.

द्रागो मला न्यावयास शेजाऱ्याची गाडी घेऊन आला होता. शेजारी चालवीत होता. घरी पोहोचून, मेजापाशी बसून, मी पेटी उघडण्यापूर्वी त्यास सारे सांगितले.

तो हसू लागला. खोकला येईपर्यंत हसला. “रोज? तुझी बायको रोज पाणी द्यायची?”

“रोज. देवाचे नाव घेऊन.”

“मी तर महिन्यातून एकदा बदलायचो, तेही शिव्या घालून.” मग हसू ओसरले. तो भिंतीतील रिकाम्या कोनाड्याकडे पाहू लागला. “म्हणजे अजून कळलेलंच नाही.”

“नाही.”

“क्लबात सगळ्यांना सांगून बसलोय मी.”

“ठाऊक आहे. त्यासाठीच आलो.”

त्याने टेबलावरील कपबशा बाजूस केल्या. “मुलगी यायला अकरा दिवस आहेत. काढ बाहेर. इथेच ठेव.”

पाठीवरील साल मी स्वतः कोरून काढली, कारण आता ओल धरून ठेवील असे काही नको होते. मग आम्ही दोघे त्याच्या घरातील सामान बांधू लागलो. चाळीस वर्षांचे भुयार रिकामे करणे सोपे नसते. सुरुंगाच्या जुन्या तारा, चाळण्या, वाकलेली फावडी, मृत मित्रांच्या टोप्या असे काय काय निघाले. शेजारी येत, एखादी वस्तू उचलीत, कॉफी पिऊन जात. एका म्हाताऱ्या बाईंनी त्याची चाळण नेली आणि दाराबाहेरच्याच ढिगावर बसून टाकलेल्या मातीतून उरलेसुरले ओपल शोधू लागल्या. “माझ्या कचऱ्यातून श्रीमंत हो!” द्रागो आतून ओरडला. “तुझ्या कचऱ्यात तुझ्याहून जास्त अक्कल आहे,” त्या म्हणाल्या. मी पहाटे संध्या करी, मग दगड पाहण्यास बसे, आणि चुलीपाशी उभा द्रागो रोज तेच विचारी.

“काय म्हणतो?”

“आज निर्दोष दिसतो.” आता मी शब्द मोजून वापरीत होतो.

आठ सकाळी असे झाले. प्रत्येक दिवशी माझी आशा वाढली, आणि आशा वाढणे योग्य की अयोग्य, हेही मला कळेनासे झाले. नवव्या दिवशी भिंगाखाली एक रेघ दिसली.

केसाहून बारीक. कडेपासून मध्यापर्यंत. मी भिंग पुसले. चष्मा पुसला. दगड फिरविला. माझेही वय एकाहत्तर. रेघ माझ्या डोळ्यात असू शकेल, म्हणून दगड भुयाराच्या तोंडाशी, दक्षिणेच्या उजेडात नेला. तेथे तर ती अधिकच स्पष्ट दिसली.

द्रागोस ती दिसणे शक्य नव्हते. त्याची मुलगी भिंगातून पाहणार नव्हती. दोन दिवसांत तो तेथून जाणार होता, आणि आणखी किती वर्षे दगड पाहत बसणार होता? अखंड म्हटले असते तर तो अखंडच राहिला असता. चुलीवरची कॉफी उकळून वर येईपर्यंत मी असा उभा होतो. सत्य आणि करुणा यांविषयी मी लहानपणी पुष्कळ पाठ केले आहे; त्यातील एकही ओळ त्या वेळी आठवली नाही.

“प्रोफेसर, काय म्हणतो?”

“रेघ आली आहे,” मी म्हणालो.

तो कॉफीचे दोन कप घेऊन आला, ते खाली ठेवले आणि समोर बसला. “किती?”

“एक. कडेपासून मध्यापर्यंत.”

त्याने दगड उघड्या बोटांनी उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि फिरविला. “कुठे?” मी त्याचे नख धरून रेघेवरून नेले.

“अडकत नाही.”

“आत आहे ती.”

“हं.” त्याने कॉफीचा घोट घेतला, मग दुसरा. कप संपल्यावर तो म्हणाला, “म्हणजे आता याचं काही व्हायचं राहिलं नाही.”

आणि तंबाखूची पुडी टाकावी तसा त्याने ओपल सदऱ्याच्या खिशात टाकला.

“अरे, खिशात काय टाकतोस!” मी ओरडलो.

“मग कुठे टाकू? चल. बेकरी उघडली असेल. त्या बेकरीवाल्याने एकोणीस वर्षं याच्याबद्दल नुसतं ऐकलंय.”

तो पायऱ्या चढून उन्हात गेला. भिंग मिटून ठेवावे की बरोबर घ्यावे, हे न कळून मी मेजापाशी तसाच उभा राहिलो. ढिगावर बसलेल्या त्या बाईंशी तो बोलत असावा. वरून त्याचा आवाज आला.

“धर, हातात धर. घाबरू नकोस, फुटलाय तो.”